इटलीतलं दुर्मीळ व्यवसायवाचक आडनाव: मूळ आणि प्रसार कसा शोधायचा

फेरारी म्हणजे लोहार, हे सांगायला संशोधन लागत नाही. इटलीत गावोगावी लोहार होते, त्यामुळे हे आडनावही शेकडो ठिकाणी आपापलं पडलं. सगळ्या फेरारींचं मूळ एक असण्याचा प्रश्नच येत नाही. दुर्मीळ आडनावाचं तसं नसतं. एखाद्या धंद्याला ठरावीक टापूतच वेगळा शब्द असेल, तर त्यावरून पडलेलं आडनाव दोन-चार गावांतूनच निघालेलं असू शकतं, आणि ती गावं शोधून काढता येतात. घोळ होतो तो क्रमाचा. बहुतेक जण आधी इटालियन शब्दकोश उघडतात, आडनावासारखा दिसणारा शब्द सापडला की तोच अर्थ धरून बसतात आणि पुढची सगळी शोधाशोध त्या अर्थाला पुरावा जमवण्यासाठी करतात. आधी नकाशा, मग त्या टापूची बोली, मग दफ्तर, असंच जावं.

उदाहरणासाठी बार्दारी हे इटलीच्या दक्षिण टोकाकडच्या कालाब्रिया प्रदेशाशी जोडलेलं आडनाव घेऊ.

नकाशा वाचताना

‘माप्पा देई कोन्योमी’, म्हणजे आडनावांचा नकाशा, असं शोधलं की आडनाव टाकून प्रांतवार आकडे देणारी संकेतस्थळं मिळतात. हे आकडे बहुतांशी टेलिफोन डिरेक्टरीवरून काढलेले असतात. म्हणजे ती माणसं नव्हेत, फोनधारक घरं. इटलीत कुटुंबाचा सरासरी आकार सव्वादोन माणसांच्या आसपास आहे, त्यामुळे ढोबळ लोकसंख्या हवी असेल तर तेवढ्याने गुणावं. ज्यांच्या घरी लँडलाइन नाही ते या गणतीत येतच नाहीत. शिवाय लग्नानंतरही इटालियन बाईचं कागदोपत्री आडनाव माहेरचंच राहतं आणि फोन अनेकदा नवऱ्याच्या नावावर असतो. ६०-७० घरांच्या आडनावात एवढ्यानेही चित्र बरंच हलतं. नागरिकांच्या अधिकृत नोंदवहीतून आडनावाची गणती कोणालाही काढून मिळत नाही, तेव्हा काम याच आकड्यांवर भागवायचं.

खरी फसगत तोरिनो, मिलानो, जेनोव्हा आणि रोम इथे होते. १९५० आणि ६०च्या दशकांत दक्षिणेतून लाखो लोक उत्तरेच्या कारखान्यांकडे गेले. दक्षिणेतलं जवळजवळ कुठलंही आडनाव आज तोरिनोत ठळक दिसतं. म्हणून नुसता आकडा न बघता दाटी काढायची: त्या प्रांतातल्या घरांचा देशातल्या एकूण घरांशी वाटा भागिले त्या प्रांताच्या लोकसंख्येचा देशाच्या लोकसंख्येशी वाटा. समजा एखाद्या आडनावाची देशात ६० घरं आहेत, त्यातली २१ कालाब्रियातल्या व्हीबो व्हालेंतिया प्रांतात आणि ९ तोरिनोत. व्हीबोची लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास, म्हणजे ५.९ कोटींच्या देशात पाव टक्का. ३५ भागिले ०.२५, म्हणजे दाटी १४० पट. तोरिनो महानगर २२ लाखांचं, म्हणजे ३.७ टक्के, घरांचा वाटा १५ टक्के, दाटी जेमतेम ४ पट. मूळ कुठे आणि नोकरी कुठे, हे एवढ्यात कळतं.

प्रांतावर न थांबता गावापर्यंत, म्हणजे कोमूनेपर्यंत उतरा. दाट गावं एकमेकांना लागून असली तर बहुधा एकच उगम. दोनशे किलोमीटर अंतराने दोन वेगळे पुंजके दिसले तर दोन स्वतंत्र उगम धरून चाला आणि पुढचं सगळं काम प्रत्येकासाठी वेगळं करा. दोन्हींची एकत्र वंशावळ मांडणं ही नेहमी होणारी आणि नंतर सोडवायला फार किचकट अशी चूक आहे.

बोली ओळखणं

धंद्याचा शब्द प्रमाण इटालियनमध्ये शोधून फारसा उपयोग नाही. आडनावं पडली तेव्हा लोक आपापली बोली बोलत होते. आधी शेवट बघा. ‘-आयो’ हा तोस्कानाचा ढंग. ‘-आरो’ व्हेनेतोपासून लात्सियो आणि दक्षिणेपर्यंत. ‘-एर’ आणि ‘-इएर’ ईशान्येकडे. ‘-एरी’ सिसिली आणि दक्षिण कालाब्रियात बरेचदा. शेवटची ‘ई’ ही घराण्याचं अनेकवचन असते किंवा लॅटिन दस्तातल्या षष्ठीचा अवशेष, त्यामुळे बार्दारो आणि बार्दारी हे मुळात एकाच घरचे असू शकतात.

मग मूळ शब्द. ओझं वाहणाऱ्या खेचराच्या पाठीवरचं खोगीर प्रमाण इटालियनमध्ये बास्तो, ते बनवणारा तोस्कानात बास्तायो, इतरत्र बास्तारो. कालाब्रिया आणि सिसिलीत मात्र खोगिराला वार्दा म्हणतात आणि कारागिराला वार्दारू. हा वार्दा अरबी ‘बर्दआ’वरून आला, इटालियनमध्ये तोच बार्दा. दक्षिणेत सुरुवातीचा ‘ब’ सर्रास ‘व’ होतो, जसं दाढीला बार्बाऐवजी वार्वा. नोंद करणारा कारकून शिकलेला असला की तो बोलीतला ‘व’ सुधारून ‘ब’ लिहायचा, नसला की कानावर पडलं तसं. म्हणून बार्दारी शोधताना बार्दारो, वार्दारी, वार्दारो हे सगळे एकाच वेळी शोधायचे. एकच रूप धरून शोधलं की दोन पिढ्यांची नोंद ‘गहाळ’ झाल्यासारखी वाटते, आणि ती दुसऱ्या अक्षराखाली पडलेली असते.

ही जुळणी पटण्यासारखी आहे, कारण शब्द आणि आडनाव एकाच टापूतले आहेत. हेच आडनाव उत्तरेकडच्या पिएमोंतेच्या एखाद्या दरीत दाट सापडलं असतं, तर वार्दारूवर बोट ठेवून उपयोग नव्हता. तिथे तो शब्दच नाही.

कोशांत इटलीभरच्या आडनावांचा सर्वांत विस्तृत कोश एंझो काफारेल्ली आणि कार्ला मार्कातो यांचा, २००८ सालचा. दक्षिण टोकासाठी गेर्हार्ड रोल्फ्स, सिसिलीसाठी जिरोलामो काराकाउसी, सार्डिनियासाठी मास्सिमो पित्ताऊ यांचं काम बघावं. पण दुर्मीळ आडनाव कोशात मिळेलच असं नाही. मग त्या गावाच्या बोलीचा जुना शब्दकोश आणि याबेर्ग-युड यांचा भाषिक नकाशासंग्रह उपयोगी पडतो. त्यासाठीची पाहणी प्रामुख्याने १९२०च्या दशकात झाली आणि अवजारं, गाड्या, घरगुती वस्तू यांना गावोगाव काय म्हणतात हे त्यात नकाशावर मांडलं आहे. धंद्याच्या शब्दासाठी याहून चांगलं साधन क्वचितच मिळेल.

काही टापूंत शब्द लॅटिनच्या कुळातला नसतोच. कालाब्रियातल्या झांगारी या आडनावामागे मोच्याचा ग्रीक शब्द आहे. इटालियन कोश कितीही चाळला तरी हाती काही लागणार नाही. सार्डिनियातल्या फ्राऊ या आडनावाला जर्मन समजणारे बरेच भेटतात. तिथल्या भाषेत फ्राऊ म्हणजे लोहार.

गावाच्या नावाचा सापळा

व्यवसायवाचक दिसणारं आडनाव गावावरून पडलेलं नाही ना, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. कार्रारो म्हणजे गाड्या बनवणारा, व्हेनेतोत पादोव्हाच्या भागात हे आडनाव आढळतं. आणि पादोव्हाच्याच बाजूला कार्रारा सान जॉर्जो नावाचं गाव होतं, ज्यावरून पादोव्हाचे जुने सत्ताधीश दा कार्रारा म्हणवत. आजच्या यादीत ते गाव सापडणार नाही, कारण १९९५ मध्ये ते शेजारच्या गावात विलीन होऊन दुए कार्रारे झालं. कार्रारो आणि कार्रारा यांत शेवटचा एक स्वर सोडला तर फरक नाही, आणि जुन्या दस्तात तो स्वर नेहमी धडपणे लिहिलेला नसतो. संगमरवरासाठी प्रसिद्ध असलेल्या तोस्कानातल्या कार्रारा शहराशी नातं जोडणं तर आणखी लांबचं. त्यामुळे विलीन झालेल्या कोमूनेंची यादी हाताशी असू द्या.

दुसरा सापळा अनाथ मुलांचा. दक्षिणेत टाकून दिलेल्या मुलांना सर्रास एस्पोझितो हे आडनाव मिळे. नेपल्सचा राजा मुरात याच्या राजवटीत, १८०८ ते १८१५ दरम्यान, ही पद्धत बंद करण्यात आली आणि अधिकारी त्या मुलांसाठी नवी आडनावं जुळवू लागले. असं जुळवलेलं आडनाव एखाद्या वस्तूचं किंवा धंद्याचं असू शकतं आणि त्या मुलाच्या घरात तो धंदा कधीच नसतो. एखादं आडनाव १८१० नंतर अचानक उगवलं आणि त्याआधी गावात त्याचा मागमूस नसला, तर पहिल्या धारकाची जन्मनोंद काढून आई-वडिलांचा रकाना बघावा.

दफ्तर

इटलीच्या सरकारी पुराभिलेखागारांचं ‘आंतेनाती’ हे पोर्टल फुकट आहे. नावाने शोधायची सोय त्यातल्या काहीच भागाला आहे. बाकी सगळी पानं एकेक उघडून वाचावी लागतात. नाव टाकून काही आलं नाही म्हणजे नोंद नाही, असा निष्कर्ष काढू नका. उतरायचा मार्ग असा: पुराभिलेखागार, मग दप्तराचा काळ, मग गाव, मग साल.

काळ प्रदेशानुसार बदलतो. नेपल्सच्या राज्यात, म्हणजे मुख्य भूमीवरच्या दक्षिणेत, नागरी नोंदणी १८०९ पासून सलग मिळते. सिसिलीत १८२० पासून. एकीकृत इटलीत १८६६ पासून. रोम आणि व्हेनेतोत १८७१ पासून. त्याआधीचं बहुतेक सगळं चर्चच्या वह्यांत. तिथे कॅथलिक चर्चच्या त्रेंतो परिषदेच्या १५६३ च्या निर्णयांनंतर नोंदी वाढल्या आणि १६१४ पासून बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू यांच्या जोडीला घरोघरच्या माणसांची वहीही ठेवायला सांगितली गेली.

पुराभिलेखागार निवडताना आजचा प्रांत आणि जुना प्रांत दोन्ही बघा. व्हीबो व्हालेंतिया हा प्रांत १९९२ चा. त्याआधी तो सगळा भाग कातान्झारोत होता, आणि पुराभिलेखागार दोन्हीकडे आहेत.

सुरुवातीच्या वह्यांच्या शेवटी अनुक्रमणिका असते, पण ती पुष्कळदा आडनावाने नसून पहिल्या नावाने लावलेली असते. जुझेप्पेच्या खाली वीस माणसं असली तरी सगळी वाचायची. १८६६ नंतर दहा-दहा वर्षांच्या एकत्रित याद्या मिळतात. आधी त्या घ्याव्यात. जन्मनोंदीत वडिलांचं नाव, वय आणि धंदा असतो: ब्राच्चाले म्हणजे मजूर, मास्सारो म्हणजे शेती-गुरं सांभाळणारा, वातिकाले म्हणजे खेचरांवरून माल नेणारा. दक्षिणेत नावाआधी ‘मास्त्रो’ लिहिलं असेल तर माणूस कारागीर होता. वडिलांच्या नावाआधी ‘दि’ असेल तर ते हयात होते, ‘फू’ असेल तर वारलेले. वयावर विसंबू नका. ती अंदाजाने सांगितलेली असतात.

वहीपेक्षाही कामाची वस्तू म्हणजे लग्नाला जोडलेली कागदपत्रं, प्रोचेसेत्ती. वराचे वडील हयात नसले तर त्यांच्या मृत्यूची नक्कल लागे, आजोबाही नसले तर त्यांचीही. १८२० च्या एका लग्नातून वराचा जन्म, बापाचा मृत्यू आणि १७४० च्या सुमारास जन्मलेल्या आजोबांचं नाव एका झटक्यात हाती लागतं. घाईत लोक लग्नाची नोंद उतरवून घेतात आणि ही पुरवणी उघडतच नाहीत.

व्यवसायवाचक आडनावासाठी मात्र सोन्याची खाण म्हणजे कातास्तो ओंचारियो. १७४० नंतर बोर्बोन राजा कार्लोच्या हुकमाने नेपल्सच्या राज्यात झालेली ही करआकारणी. प्रत्येक घराचा कर्ता, त्याचं वय, धंदा, घरातली माणसं, जमीन, जनावरं असं सगळं ओळीने येतं. इथे एका गावातले सगळे बार्दारी किती आणि काय करत होते, हे एकाच बैठकीत मोजता येतं. मुख्य संच नेपल्सच्या पुराभिलेखागारात आहे. सिसिली यात येत नाही, तिथे त्याच कामाच्या वह्यांना रिवेली म्हणतात.

इथेच एक गैरसमज होतो. १७५० च्या वहीत बार्दारी आडनावाचा खोगीरवाला सापडला तरी मूळ सिद्ध होत नाही. आडनावं तोवर पिढ्यान्‌पिढ्या पक्की झालेली होती, धंदे बदललेले होते. जुळणी योगायोगाची असू शकते. पुरावा हवा तो आडनाव अजून पक्कं न झालेल्या काळातला: एकाच माणसाच्या नावापुढे एका दस्तात ‘वार्दारू’ हा धंदा म्हणून आणि पुढच्या पिढीच्या दस्तात तोच शब्द ओळख म्हणून. असा पुरावा नोटरीच्या दस्तांत शोधायचा, आणि तो नेहमी मिळत नाही. कालाब्रियात १७८३ च्या भूकंपाने गावंच्या गावं आणि त्यांच्या चर्चच्या वह्या नष्ट झाल्या. मध्ययुगात नेपल्सवर राज्य करणाऱ्या आंजू घराण्याच्या राजांची दप्तरं ३० सप्टेंबर १९४३ रोजी नेपल्सजवळ जर्मन सैनिकांनी जाळली. पुराव्याची साखळी तिथे तुटली असेल तर ‘शब्द आणि टापू जुळतात, दस्ताचा पुरावा इथवर’ एवढंच लिहावं. एखादा नामवंत धारकही नकाशावरच्या टाचणीइतकाच उपयोगी: संगीतकार दोनिझेत्तीच्या एका ऑपेराची संहिता लिहिणारा जुझेप्पे बार्दारी १८१७ मध्ये कालाब्रियातल्या पित्सोत जन्मला, म्हणून आडनाव पित्सोचं ठरत नाही, फक्त तिथल्या वह्या आधी उघडाव्यात असं कळतं.

परदेशी गेलेले

दुर्मीळ आडनावाचे धारक आज अर्जेंटिनात किंवा अमेरिकेत इटलीपेक्षा जास्त असणं नवलाचं नाही. त्यांची गणती वेगळी ठेवा. मूळ ठरवताना ती मिसळली तर दाटीचं गणित कोसळतं. गावातून कोण गेलं हे लष्करभरतीच्या याद्यांत, लिस्ते दि लेवात, बघावं. त्या त्या सालात जन्मलेल्या सगळ्या पुरुषांची नावं, धंदे आणि हजर नसल्याचं कारण तिथे असतं. ‘अमेरिकेत’ असा शेरा बरेचदा दिसतो. न्यूयॉर्कच्या बंदरातल्या एलिस आयलंड या स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रावरच्या कारकुनांनी आडनावं बदलली ही कथा सोडून द्या. ते जहाजावर आधीच भरलेल्या यादीवरून काम करत. बदल झाले ते नंतर, शाळेत, नोकरीवर किंवा नागरिकत्वाच्या अर्जात. म्हणून जहाजाच्या यादीत जुन्या, इटालियन रूपानेच शोधायचं, आणि ‘ब’ने मिळालं नाही तर ‘व’ने.