मिरचीत धोत्रा मिसळला तर बी कसं ओळखायचं

गेल्या महाशिवरात्रीला वाहायला आणलेल्या धोत्र्याचं एक बोंड आमच्या माळवदावर सुपाशेजारीच राहून गेलं. वाळून तडकलं आणि त्यातलं बी सांडलं ते थेट पेरणीसाठी ठेवलेल्या मिरचीच्या बियांत. तेव्हापासून मिरची, वांगी, टोमॅटो आणि धोत्रा यांचं बी शेजारी शेजारी मांडून बघायची सवय लावून घेतली आहे. चारही एकाच कुळातली, म्हणून फसगत होते.

सकाळच्या उजेडात बसा. पाटावर आलेख कागद अंथरा, म्हणजे मिलिमीटर मोजत बसावं लागत नाही. सोनाराकडे असतं तसलं दहापट दाखवणारं भिंग पुरतं. बी खडखडीत वाळलेलं हवं.

टोमॅटो लगेच कळतो. बियांवर राखाडी लव असते, बोटाला मखमलीसारखी लागते. फळातून नुकत्या काढलेल्या बीवर मात्र बुळबुळीत आवरण असतं. एक-दोन दिवस रसातच आंबवून, धुऊन वाळवलं की लव दिसते. वांग्याचं बी गुळगुळीत, पिवळसर तपकिरी, आकाराने मिरचीपेक्षा लहान.

खरा वेळ द्यायचा तो मिरची आणि धोत्र्याला. मिरचीचं बी फिकट पिवळं, पातळ चकतीसारखं, एका बाजूला बारीक चोच. धोत्र्याचं जाड, तपकिरी, कानाच्या पाळीसारखं. भिंगाखाली अंगावर बारीक खळगे दिसतात आणि फुगीर कडेवर दुहेरी रेघ. मिरचीची कड एकेरीच. तरी शंका राहिली तर बी रात्रभर भिजवा आणि चपट्या बाजूंना समांतर असं ब्लेडने चिरा. मिरचीतला अंकुर इंग्रजी सहाच्या आकड्यासारखा आत वळलेला असतो, धोत्र्याचा टोकाशी बाहेर वळतो. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी धाकट्याला हाक मारून दाखवलं.

चव घेऊन बघू नका, कधीच नाही. धोत्र्यात अॅट्रोपीन आणि हायोसीन ही विषं असतात, वाळल्याने ती जात नाहीत. हात साबणाने धुवा, ब्लेड आणि पाणीही स्वयंपाकघरापासून लांब ठेवा.

त्या सुपातून धोत्र्याच्या सतरा बिया निघाल्या. उरलेलं बी मी पेरणीलाच वापरलं, फोडणीच्या डब्याजवळही नेलं नाही, आणि वाफ्यात रोपं आल्यावर पुन्हा एकेक तपासलं.

वांग्यातल्या दोन जाती मात्र बी बघून वेगळ्या करता येत नाहीत. कृष्णाकाठचं वांगं आणि भरताचं वांगं, भिंगाखाली दोन्ही सारखीच. रिंगणी या काटेरी रानझुडपाचं बीही वांग्याजवळच जातं. तिथे पेन्सिलीनेच काम होतं: जात, कुणाकडून आणलं, कोणता महिना. चिठ्ठी डबीच्या आत टाका. बाहेर चिकटवलेली पावसाळ्यात सुटते.