पातळ, हलक्या आणि सुस्पष्ट पडद्याच्या लॅपटॉपची निवड

नव्या पिढीचे पातळ लॅपटॉप बाजारात येण्याची वाट पाहणाऱ्या इंदूरकरांनी जुने यंत्र चालते आहे तोवर थांबावे, मात्र त्या काळात आपल्याला नेमके काय हवे आहे हे ठरवून ठेवावे.

सर्वाधिक विचार पडद्याचा करावा. १४ इंची पडद्यावर १९२० × १२०० ऐवजी २८८० × १८०० पिक्सेल (चित्र घडवणारे सूक्ष्म ठिपके) असल्यास त्यांची संख्या सव्वादोन पट होते आणि घनता प्रति इंच सुमारे १६२ वरून २४३ वर जाते. देवनागरी वाचणाऱ्याला हा फरक विशेष जाणवतो, म्हणून आरएनटी मार्गावरील सिल्व्हर मॉलमध्ये यंत्र पाहताना एखादे मराठी पान उघडून, स्केलिंग (पडद्यावरील अक्षरे व चिन्हे किती मोठी दिसावीत ते ठरवणारी सेटिंग) २०० टक्के ठेवून, ‘राष्ट्र’ किंवा ‘कर्तृत्व’ यांसारख्या शब्दांतील जोडाक्षरे आणि रफार बारकाईने न्याहाळावेत. पडदा चकचकीत असेल, तर दुकानाच्या दाराशी उजेडात नेऊनही पाहावा.

अधिक पिक्सेल म्हणजे बॅटरीवर अधिक भार, त्यामुळे जाहिरातीतील तासांपेक्षा बॅटरीची वॅट-तासांतील क्षमता ताडून पाहणे मला अधिक विश्वासार्ह वाटते. पातळ यंत्रांत रॅम, म्हणजे चालू कामासाठीची तात्पुरती स्मृती, बहुधा मदरबोर्डावरच (मुख्य सर्किट-पाटीवर) कायमची जोडलेली असते आणि नंतर वाढवता येत नाही. म्हणून १६ जीबी सुरुवातीलाच घ्यावी, मग त्यासाठी महिनाभर अधिक थांबावे लागले तरी चालेल. वजन चार्जरसह विचारावे.