जे-पाऊचनंतरची रात्र: दुखणं, आग आणि गळती कशी आवरायची

‘रात्री जेवूच नकोस, म्हणजे प्रश्नच मिटला.’ मोठं आतडं काढून लहान आतड्याच्या टोकाची इंग्रजी ‘J’सारखी पिशवी करतात आणि ती गुदद्वाराला जोडतात, ती पिशवी म्हणजे जे-पाऊच. हे ऑपरेशन झालेल्या माणसाला हा सल्ला घरचे, शेजारचे, भेटायला आलेले सगळे देतात. मी तो सलग सहा दिवस पाळला. गळती काही थांबली नाही. पोटात गुरगुर, गॅस, आणि जे बाहेर पडायचं ते नुसतं पिवळं पाणी. लागेल तिथं लवंगी मिरचीचा ठेचा चोळल्यासारखी आग. सातव्या दिवशी आईनं गुमान दहीभाताचं ताट पुढं सरकवलं. त्या रात्री दोनदाच उठलो.

स्टोमा, म्हणजे मल बाहेर यायला पोटावर केलेलं तात्पुरतं तोंड, बंद होऊन घरी आलात की पहिले काही आठवडे दिवसाला दहा-पंधरा वेळा संडासला जावं लागतं. घाबरू नका. पाऊच हळूहळू मोठा होतो. बहुतेकांचं वर्षभरात पाच-आठ वेळांवर येतं, त्यात रात्रीची एखाद-दुसरी फेरी धरलेली. पाणी शोषणारं मोठं आतडं गेलंय, त्यामुळं माल पातळच येणार. त्यात पित्त आणि पाचकरस असतात, म्हणून कातडी जळते. झोपेत गुदद्वाराचा स्नायू सैल पडतो, म्हणून रात्री गळतं. तुमच्या मनाच्या कमकुवतपणाचा यात काही संबंध नाही.

टाक्यांचं दुखणं डॉक्टरांनी लिहून दिलेल्या पॅरासिटामॉलवर निभतं. ब्रुफेन, कॉम्बिफ्लॅम, व्होव्हेरान मात्र मेडिकलवाल्यानं हातात दिली तरी आपल्या मनानं घेऊ नका. या जातीच्या गोळ्यांनी पाऊचला सूज येऊ शकते. पोटात पीळ पडला तर गरम पाण्याची पिशवी आणि घरातल्या घरात फेऱ्या. मी पाऊण तास रंकाळ्यावर चालायचो, गॅस तिथंच मोकळा व्हायचा.

खालची आग हे खरं दुखणं. साबण, डेटॉल, खरखरीत टॉवेल, सुगंधी ओले वाइप्स हे सगळं बाथरूममधून बाहेर काढा. तांब्यानं किंवा जेट अगदी हळू सोडून कोमट पाण्यानं धुवा. मग जुन्या मऊ सुती कापडानं टिपा. पुसायचं नाही, टिपायचं. दोन मिनिटं पंख्याखाली पालथं पडा. पूर्ण कोरडं झाल्याशिवाय मलम लावाल तर ते ओलीवर तरंगत राहील आणि पैसे पाण्यात जातील. मलम म्हणजे झिंक ऑक्साइडची घट्ट पेस्ट, लहान बाळांना लंगोटाच्या पुरळावर लावतात तीच. भिंतीला लांबी भरतात तसा जाड थर द्यायचा. पुढच्या खेपेला तो थर खरवडायचा नाही. वरचा मळलेला भाग तेवढा टिपून त्यावर नवा थर. दिवसातून एकदा खोबरेल तेलाच्या बोळ्यानं सगळा काढा. पहिला महिनाभर मी प्रत्येक वेळी पांढरा डाग न राहीस्तोवर घासत होतो आणि मग कातडी का सोलली म्हणून रडत होतो. डिस्चार्जच्या कागदावर एवढंच लिहिलं होतं: ‘क्रीम लावणे.’ आतड्याला ‘J’चा आकार देऊन पाऊच करण्याची पद्धत जपानच्या उत्सुनोमिया यांनी १९८० मध्ये मांडली. इतकी वर्षं झाली, तरी क्रीम कसं लावायचं ते रुग्णानंच शोधायचं.

आता रात्र. रात्रीची तयारी संध्याकाळी सहाला सुरू होते, अंथरुणावर पडल्यावर नाही.

मोठं जेवण दुपारी करा. रात्रीचं साताच्या आत, आणि थोडं घट्ट: मऊ भात, दही, उकडलेला बटाटा, पिकलेलं केळं. पहिले काही महिने कांदा-लसूण मसाला, शेंगदाणे, मका आणि कच्ची कोशिंबीर नको. आपल्याकडं रात्री गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला जायची सवय असते, तीही बंद. दुधानं अनेकांना गॅस होतो, मला तर हमखास. पाणी मात्र तोडू नका. पाणी आणि मीठ दोन्ही शरीरातून निघून जातंय. दिवसभर ओआरएस घोट घोट घ्या, पाकीट एक लिटरचं असेल तर बरोबर एक लिटर पाण्यातच. उसाचा रस आणि कोल्ड्रिंक तहान भागवल्यासारखं करतात आणि साखरेमुळं जुलाब वाढवतात.

इसबगोलच्या बाबतीत मी चांगलाच फसलो. ‘झोपताना गरम दुधातून दोन चमचे घे,’ असं एका काकांनी सांगितलं. तो उपाय बद्धकोष्ठाचा! मी घेतला आणि पहाटेपर्यंत संडासातच बसलो. आपल्याला इसबगोल माल घट्ट करायला हवाय. त्यामुळं तो जेवणाबरोबर, छोटा चमचाभर, अर्धा कप पाण्यात कालवून लगेच प्यायचा. कोरडा फाका मारायचा नाही, घशात किंवा आतड्यात अडकेल. सुरू करण्याआधी आपल्या सर्जनला विचारा, कारण काहींना तो फुगवतो.

लोपेरामाइड, म्हणजे जुलाब आवरणारं औषध, रात्रीसाठी खरंच कामाचं, पण किती आणि केव्हा ते डॉक्टरच ठरवणार. मला जेवणाआधी अर्धा तास घ्यायला सांगितलं होतं. मी पडताना घ्यायचो आणि ‘काही फरक नाही’ म्हणत फिरायचो. मनानं डोस वाढवू नका, जास्त झालं तर हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. ताप किंवा रक्त असेल तर तर हातही लावू नका.

झोपण्याआधी पाऊच दोनदा रिकामा करायचा. एकदा दहाला. नंतर पंधरा-वीस मिनिटं खोलीत फिरायचं, मग पुन्हा बसायचं. दुसऱ्या खेपेला जे येतं तेच दीड वाजता चादरीवर आलं असतं. कुंथायचं मात्र नाही. रोजच अर्धवट झाल्यासारखं वाटत असेल, बारीक धार येऊन अडत असेल, तर पाऊच गुदद्वाराला जोडलाय ती जागा आवळली असण्याची शक्यता असते. ते सर्जनला तपासू द्या. त्यावर इलाज आहे, जोर लावणं हा इलाज नाही.

मग धुणं, टिपणं, जाड थर, आणि पॅड. पहिल्यांदा पॅड आणायला राजारामपुरीत गेलो तेव्हा दुकानातली बाई-माणसं जाईपर्यंत खोकल्याच्या गोळ्या बघत उभा राहिलो. दुकानदारानं पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घातलं आणि विचारलं, ‘वहिनींसाठी का?’ मी मान डोलावली. आता सरळ मागतो. गळती थेंबाथेंबाची असेल तर साधा सॅनिटरी पॅड मोठ्यांच्या डायपरपेक्षा बरा. डायपरात घाम साचतो आणि कातडी पुन्हा सोलते. त्याहून कमी असेल तर गुदद्वाराशी कापसाची चपटी घडी पुरते.

गादीवर मेणकापड, त्यावर जुनी सुती साडी चौपदरी, त्यावर चादर. ही रचना आईची. तिनं ट्रंकेतून मेणकापड काढलं तेव्हा मी तोंड फिरवलं. ‘आरं, त्यात लाजायचं काय? ह्याच्यावरच वाढलायस तू,’ म्हणाली. उशाशी दुसरी साडी आणि दुसरी चड्डी, बाथरूममध्ये थर्मासभर कोमट पाणी. काही झालंच तर वरची साडी ओढायची, दुसरी टाकायची, पाच मिनिटांत परत आडवं. घर जागं करायचं नाही.

आता ज्या गोष्टीनं माझी रात्र खरी बदलली ती. दोन आठवडे वहीत वेळा लिहिल्या: जेवलो किती वाजता, उठलो किती वाजता, गळलं किती वाजता. गळती कधीही होते असं मला वाटत होतं. वही सांगत होती, दोन ते तीनच्या मध्ये. मग पावणेदोनचा गजर लावला, उशीखाली, आवाज बंद आणि थरथर चालू. उठायचं, रिकामं व्हायचं, पुन्हा थर लावून झोपायचं. तीन आठवड्यांत गळती आठवड्यातून एकदावर आली. मग गजर पंधरा-पंधरा मिनिटांनी पुढं ढकलत नेला. ‘झोपमोड कशाला करायची’ म्हणणाऱ्यांनी तीन वाजता चादर धुऊन बघावी, तीही जुलैत, जेव्हा कोल्हापुरात कापड तीन-तीन दिवस वाळत नाही.

दिवसा कळ आली की लगेच धावू नका. थोडं थांबायची सवय लावली की पाऊच ताणायला शिकतो. रात्री मात्र उलट, जाग आली की उठायचंच. ‘जरा वेळानं जातो’ म्हणत डोळा लागला की संपलं. सर्जनची परवानगी मिळाल्यावर गुदद्वार आवळून-सोडण्याचा व्यायामही रोज करा. बस थांब्यावरही करता येतो, कुणाला कळत नाही.

नीट चाललेली रात्र अचानक बिघडली, फेऱ्या वाढल्या, पोट मुरडतंय, ताप आहे, रक्त दिसतंय, तर तो बहुधा पाऊचायटिस, म्हणजे पाऊचला आलेली सूज. पथ्य घट्ट करत बसू नका, डॉक्टरांकडं जा. सहसा अँटिबायोटिकनं उतरतो. आणि पोट फुगलंय, उलट्या होताहेत, खालून गॅससुद्धा येत नाही, असं झालं तर आतडं अडकलेलं असू शकतं. तेव्हा सकाळची वाट बघायची नाही. रिक्षा बोलवा आणि तडक हॉस्पिटल गाठा.

तांबडा रस्सा मी अकराव्या महिन्यात प्यायलो, दुपारी, अर्धी वाटी. पांढरा त्याच्या आधी. लग्नाला इचलकरंजीला मुक्काम पडला तर मेणकापड घडी करून बॅगेच्या तळाशी असतं, आणि जेवण सातालाच, पंगत नवाला बसली तरी.