जुन्या फियाट पद्मिनीला घरच्या घरी रंग कसा द्यावा

काम दिवाळीनंतर काढा आणि होळीच्या आत रंगाचा शेवटचा हात मारून मोकळे व्हा. मी पहिलं मडगार्ड जुलैत रंगवलं होतं. दहा मिनिटांत लालभडक रंगावर दुधाळ झाक आली आणि सगळं घासून पुन्हा करावं लागलं. थिनर (रंग पातळ करायचा द्रव) भराभर उडतो तेव्हा पत्रा गार पडतो, आणि दमट हवेतलं पाणी ओल्या रंगात उतरतं. कोकणात आणि मुंबईत तर पावसाळ्यात या कामाला हातच लावू नये.

१९६४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली फियाट ११०० आणि पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली गेलेली तीच गाडी घरच्या कामाला फार सोयीची आहे. १०८९ सीसीचं साधं इंजिन, इलेक्ट्रॉनिक्स जवळपास नाहीच, आणि पत्रा ठोकून सरळ करता येईल असा. तरी एक गोष्ट आधी समजून घ्या: या गाडीला वेगळी चासी नाही. बॉडी हाच तिचा सांगाडा. म्हणून गंज हा दिसण्याचा प्रश्न नाही, गाडीच्या ताकदीचा आहे.

सुटी करणं. बॅटरी काढा. बंपर, दिवे, हँडल, पट्ट्या, रबरं, काचा, सीट सगळं उतरवा. प्रत्येक जागेचे काढण्याआधी आणि काढल्यावर फोटो घ्या. नट-बोल्ट पिशव्यांत भरून वर चिठ्ठी लावा. चार महिन्यांनी कुठला स्क्रू कुठला हे कुणालाच आठवत नाही. वेल्डिंग करायचं असेल तर पेट्रोलची टाकी गाडीतून काढून लांब ठेवा. टाकी रिकामी आहे म्हणून ती सुरक्षित समजू नका, आतली वाफ पेट्रोलपेक्षा घातक.

गंज शोधणं. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक सगळ्या पत्र्यावरून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे खाली जुनी लांबी (खड्डे बुजवायची पुटी) भरलेली आहे. मग स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाराखालचा उंबरा, जॅक लावायच्या जागा, चाकांच्या कमानी, पायाखालची फरशी, डिकीचा तळ आणि पुढच्या काचेच्या रबराखालची कड टोचून पाहा. रंग चांगला दिसतो आणि टोक आत जातं, तो पत्रा गेलेला.

वेल्डिंग येत नसेल तर एवढ्यासाठी वेल्डर बोलवा, पण शेजारी उभे राहा. उंबरा कापण्याआधी गाडी सपाट जमिनीवर स्टँडवर घ्या आणि दाराच्या चौकटीत लोखंडी अँगल आडवे टाकून घ्या. नाहीतर बॉडी किंचित बसते आणि दार पुन्हा कधीच नीट लागत नाही. पत्र्यावर सलग टाका मारू देऊ नका. इथे एक थेंब, मग दुसऱ्या टोकाला एक, मध्ये गार होऊ द्यायचं. गंजावर लांबी चोपडून देणारे बरेच भेटतील. ते काम दोन पावसाळेही टिकत नाही, म्हणून इथे पैसे वाचवू नका.

रंग उतरवणं. मोठ्या सपाट भागांवर पेंट रिमूव्हर, कानाकोपऱ्यांत वायर ब्रश. बॉनेट आणि छतावर वाळूचा मारा करू नका, पत्रा वाकडा होतो. गंज काढायचं आम्ल वापरलंत तर ते पूर्ण धुऊन, लगेच कोरडं करा. समुद्राजवळ उघडा पत्रा एका रात्रीत तांबूस पडतो, म्हणून एका दिवशी जेवढं प्राइम करता येईल, म्हणजे रंगाखालचा पहिला हात देता येईल, तेवढंच उघडं करा. त्यावर इपॉक्सी प्रायमर.

लांबी आणि घासणं. खरं काम हे. लांबी दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड लागत असेल तर पत्रा अजून ठोकायला हवा. घासताना हाताने नाही, लांब लाकडी ठोकळ्याने आणि तिरक्या रेषेत घासा; बोटांनी घासलं की खळगे पडतात. आधी ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १८०, मग ३२०. सर्फेसरचे (बारीक ओरखडे भरणाऱ्या प्रायमरचे) दोन-तीन हात दिल्यावर वर काळ्या रंगाची हलकी फुंकर मारा आणि ६०० नंबरने पाणी लावून घासा. जिथे काळं उरतं तिथे खड्डा आहे. हे तीनदा करावं लागलं तरी कंटाळू नका, कारण चकचकीत रंग पत्र्यातला प्रत्येक दोष मोठा करून दाखवतो.

रंग. घरी ड्यूको, म्हणजे नायट्रोसेल्युलोज रंगच वापरा. दोन डब्यांचा (रंग आणि हार्डनर मिसळून वापरायचा) पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन रंग जास्त टिकतो, पण त्याच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटमुळे कायमचा दमा जडू शकतो आणि साधा मास्क त्याला पुरत नाही. ड्यूको चुका पोटात घालतो: ओघळ आला तर वाळू द्या, घासा, पुन्हा मारा. पण तो भडकन पेटतो. जवळ ठिणगी, शेगडी, देवघरातला दिवा काही नको. वाफ गाळणारे कार्ट्रिज फिल्टर असलेला मास्क लावा आणि दारं उघडी ठेवा.

मूळ छटा डॅशबोर्डच्या मागे उन्हाने न उडालेली सापडते. तीच दाखवून रंग बनवून घ्या. वेगळा रंग हवा असेल तर आधी आरटीओत विचारा, कारण आरसी बुकात रंगाची नोंद असते. पन्नास वर्षांहून जुनी गाडी २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज गाड्यांच्या ‘व्हीए’ मालिकेत नोंदवता येते, पण बॉडी आणि इंजिनात मोठे फेरबदल नसावे लागतात, आणि अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही.

जमिनीवर पाणी शिंपडा, धूळ बसते. कॉम्प्रेसरच्या पाइपला पाणी अडवणारा फिल्टर हवाच. थिनरचं प्रमाण डब्यावर दिलेलं पाळा. रंगाची स्प्रे गन पत्र्यापासून वीतभर अंतरावर, पत्र्याला समांतर, आधीच्या पट्ट्यावर अर्धा पट्टा चढवत न्या. मनगट वळवू नका. पाच-सहा पातळ हात, प्रत्येकामध्ये दहा-पंधरा मिनिटं.

मग तीन आठवडे गाडीला हात लावू नका. त्यानंतर १२०० आणि २००० नंबरने पाण्यात घासून रबिंग कंपाउंडने बफिंग. कडांवर आधी टेप लावा, तिथला रंग सर्वांत आधी निघतो.

जोडणी. काच बसवताना रबराच्या आतल्या खाचेत नायलॉनची दोरी घाला, रबराला साबणाचं पाणी लावा. एकाने बाहेरून काच दाबायची, दुसऱ्याने आतून दोरी हळूहळू ओढायची. रबराची कड आपोआप पत्र्यावर चढते. आणि आतल्या सजावटीचे पुठ्ठे लावण्याआधी उंबऱ्याच्या आणि दारांच्या पोकळीत गंजरोधक मेण फवारा. दारांच्या तळाशी पाणी जायला बारीक भोकं असतात, ती मोकळी आहेत ना, हे तारेने तपासून घ्या.