टाच धरणारी चप्पल

मी पडले ती जिन्याच्या शेवटून दुसऱ्या पायरीवर. पाय पुढे गेला, सपात मागेच राहिली. सहा आठवडे मनगट प्लॅस्टरमध्ये. दोष मी पायरीला देत बसले होते, मग मुलीने सपात उचलून उलटी धरली. टाचेखालची नक्षी पार पुसली गेली होती.

तुमचीही रोजची चप्पल घाला आणि बोटांकडे बघत दहा पावलं चाला. बोटं आत वळून चप्पल पकडून ठेवत असतील, तर चप्पल पायाला नाही, पायच चप्पलेला सांभाळतोय. मग पावलं आखूड पडतात. शिवाय चालताना पायाचं टोक जमिनीपासून जेमतेम एक-दोन सेंटिमीटरच उचललं जातं. मागे पट्टा नसलेली चप्पल तेवढ्यात पुढून लोंबते आणि सतरंजीच्या कडेत अडकते. म्हणून टाचेमागे पट्टा हवाच. बाकी एक वेळ तडजोड चालेल, इथे नाही.

मऊ, जाड तळाचं मला फार वेड होतं. गादीवर एका पायावर उभं राहून बघा (भिंतीला हात लावूनच!), म्हणजे त्यातली गोम कळेल. पायाला जमीन कळली की शरीर तोल सावरतं. जाड फोम ती खबर अर्धवटच पोचवतो. तळ पातळसर आणि घट्ट असावा, टाच अडीच सेंटिमीटरच्या आत. चप्पल हातात घेऊन वाकवा: चवड्यापाशी वाकली तर ठीक, मधोमध दुमडली तर परत ठेवा.

घसरायला बहुतेकदा टाच टेकते त्या क्षणी सुरुवात होते. त्यामुळे तळाची नक्षी आधी टाचेखाली तपासायची. ती गुळगुळीत झाली की वरून कितीही नवी दिसो, चप्पल बाद.

मग अनवाणीच बरं, असं माझी आई म्हणायची. पण घरात अनवाणी किंवा नुसत्या मोज्यांवर वावरणाऱ्या वृद्धांमध्ये पडण्याचं प्रमाण जास्त आढळलंय. फरशीवर मोजे तर नकोच नको.

आईचे पाय सुजत, म्हणून आम्ही तिला मोठ्या मापाची चप्पल आणत असू. चूकच ती. वेल्क्रोचा पट्टा घ्यावा, सकाळी आवळावा, सूज आली की सैल करावा. खरेदी संध्याकाळी करा, तेव्हा पाय फुगलेले असतात. दोन पायांपैकी मोठ्या पायाचं माप धरा आणि उभं राहून बघा: बोटांपुढे साधारण एक सेंटिमीटर जागा उरावी.

मधुमेहाने पाय बधिर झाले असतील, तर चप्पल निसटतेय हे जाणवतही नाही. अशांनी उठण्याआधी पट्टा लागलाय का हे डोळ्यांनी बघावं.

माझी नवी जोडी दिसायला अगदीच शाळकरी आहे. मुलगी हसते. जुनी मात्र तिनेच कचऱ्यात टाकली, मला न विचारता.