छोट्या तुकड्यांच्या वॉरगेमसाठी नियम निवडताना या चुका टाळा

10 जुलै 1944. इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची एक कंपनी जर्मन ठाण्यावर चाल करून जाते. नाईक यशवंत घाडगे यांचा रायफल सेक्शन, म्हणजे दहाएक जणांची तुकडी, अगदी जवळून मशीनगनच्या माऱ्यात सापडतो. सेक्शनमधला प्रत्येक जण पडतो, कुणी ठार तर कुणी जखमी. उरतात एकटे घाडगे. ते तसेच धावत सुटतात, ग्रेनेडने मशीनगन आणि ती चालवणारा संपवतात, टॉमीगनने आणखी एकाला टिपतात आणि मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांवर तुटून पडतात. एकट्याने जिंकलेल्या त्याच मोर्चात त्यांना स्नायपरच्या गोळ्या लागतात. वय 22, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. माणगावात त्यांचा पुतळा आहे.

टेबलावर सैनिकांच्या बाहुल्या आणि फासे घेऊन पायदळाची छोटी लढाई खेळायची, असा हा वॉरगेम. त्याचं नवं नियमपुस्तक हातात आलं की मी आधी हा प्रसंग त्यात घालून बघतो. घाडगे दर वेळी जिंकायला हवेत असं नाही. उलट दर वेळी जिंकत असतील तर ते नियम भिकार. पण असं काही घडायला त्या नियमांत जागा आहे का, आणि ते घडत असताना टेबलाशी मी कोण म्हणून बसलो आहे, एवढं अर्ध्या तासात कळतं. नियम निवडताना आपण ज्या चुका करतो त्यातल्या निम्म्या या ‘मी कोण’ला बगल दिल्यामुळे होतात.

हुद्दा न ठरवता पुस्तक घेणं

‘स्मॉल युनिट’ हा शब्द मुखपृष्ठावर फार सैलपणे वापरतात. पाच माणसांचा खेळही स्मॉल युनिट आणि शंभर माणसांची कंपनीही स्मॉल युनिट. वरचाच प्रसंग घ्या. तुम्ही नाईक असाल तर मॅगझिनमध्ये गोळ्या किती हा तुमचा प्रश्न. प्लाटूनचे लेफ्टनंट असाल तर तीनपैकी एक सेक्शन गेला, उरलेले दोन कुठून घालू, हा प्रश्न. कंपनी कमांडर असाल तर डाव्या अंगाला काहीतरी अडलंय एवढंच तुम्हाला दिसतं. लढाई एकच, पण हे तीन वेगळे खेळ आहेत.

आर्टी कॉनलिफ यांचं ‘क्रॉसफायर’ हे नियमपुस्तक 1996 चं. त्यात एक स्टँड, म्हणजे एका पट्टीवर बसवलेल्या बाहुल्या, हाच अख्खा सेक्शन आणि तुमच्या हाती कंपनी. तिथे घाडगे दिसणारच नाहीत. ते त्या स्टँडच्या आत कुठेतरी आहेत. टूफॅटलार्डीजचं 2013 चं ‘चेन ऑफ कमांड’ प्लाटूनचं आहे. त्यात सेक्शनचा नाईक हा वेगळा ज्युनिअर लीडर असतो, त्याला स्वतःची बाहुली आणि स्वतःचे आदेश असतात. ‘बोल्ट अ‍ॅक्शन’ या पुस्तकात तोच नाईक स्क्वॉडमधला, म्हणजे सेक्शनमधला, एक माणूस, आदेशाचा फासा सगळ्या स्क्वॉडला मिळून एक. आणि टू अवर वॉरगेम्सच्या ‘नट्स!’मध्ये तुम्हीच ‘स्टार’, म्हणजे कथानायक; मरण चुकवायच्या खास सवलती तुम्हाला पुस्तकच देतं.

यातलं कुठलंही चूक नाही. चूक होते ती कंपनी हलवायची हौस असलेला माणूस पाच बाहुल्यांचा खेळ घेऊन बसतो तेव्हा. मग तो दर बाहुलीमागे तपशील वाढवत जातो आणि चाळीस बाहुल्यांच्या टेबलावर रात्री बारा वाजता दुसरीच फेरी चाललेली असते.

टेपवर राग काढणं

“रायफल फक्त 24 इंच? हे काय वास्तव आहे?” बोल्ट अ‍ॅक्शनबद्दल ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की आता गणितच मांडून दाखवतो. 28 मिमीची बाहुली साधारण 1/56 प्रमाणाची. सहा फुटांचं टेबल म्हणजे 183 सेंटिमीटर. गुणिले 56, म्हणजे जमिनीवर 102 मीटर. रायफलचे 24 इंच म्हणजे जेमतेम 34 मीटर. खऱ्या रायफलीचा 300 मीटरचा पल्ला याच प्रमाणात ठेवायचा तर टेबल साडेसतरा फुटांचं लागेल. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये तेवढ्या अंतरावर शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर येतं.

म्हणजे प्रत्येक नियमकर्त्याला कुठेतरी थाप मारावीच लागते. बोल्ट अ‍ॅक्शन पल्ला आखूड करतं. चेन ऑफ कमांड जमिनीचं प्रमाण बाहुलीपेक्षा वेगळं धरतं आणि रायफलीला टेबलभर पल्ला देतं. क्रॉसफायर अंतर मोजायची टेपच फेकून देतं: दिसतोय तर मारा, नाही तर नाही. कुठली थाप तुम्हाला पचते ते बघा. मला पहिली पचत नाही, कारण तिच्यात माणूस 25 इंचांवर निर्धास्त उभा राहतो. पण ज्यांना दुरून टेहळून शेवटी झडप घालायला आवडतं त्यांना तीच थाप मजा देते.

तक्ते मोजून वास्तव मोजणं

जितके जास्त तक्ते तितके नियम खरे, हा समज आपल्यातल्या अभ्यासू मंडळींना हमखास असतो. गोळीबाराला अकरा अधिक-उणे, चिलखताची जाडी मिलिमीटरमध्ये, प्रत्येक मॅगझिनची नोंद. ब्रिटिशांच्या ‘ब्रेन’ मशीनगनमध्ये 30 गोळ्या आणि जर्मनांची एमजी 42 मिनिटाला 1200 च्या आसपास, हे मलाही पाठ आहे. पण माऱ्यात सापडलेला सेक्शन का थिजतो याचं उत्तर गोळ्या मोजून मिळत नाही. मशीनगन मारते त्याहून जास्त दाबून ठेवते. तेव्हा पुस्तक चाळताना आधी दडपणाचं पान काढा.

बोल्ट अ‍ॅक्शनमध्ये मारा बसला की पिन, म्हणजे दडपणाची खूण, लागते. ‘रेग्युलर’ स्क्वॉडचं मनोधैर्य 9. आदेश पाळायचा तर दोन फाशांची बेरीज त्यातून पिन वजा करून येईल तेवढी किंवा कमी हवी. एका पिनवर 36 पैकी 26 वेळा जमतं, तीन पिनांवर 36 पैकी 15 वेळाच. बघा, माणूस एकही मेला नसेल, पण स्क्वॉड निम्म्याहून जास्त वेळा जागचा हलत नाही. चेन ऑफ कमांडमध्ये हेच काम ‘शॉक’ करतो: जिवंत माणसांपेक्षा शॉक जास्त झाला की तुकडी दबते, दुप्पट झाला की फुटते. क्रॉसफायरमध्ये तीन फासे टाका, 5 किंवा 6 म्हणजे लागला; एक लागला तर पिन, दोन तर सप्रेस, तीन तर स्टँड उचला. एवढ्या दोन ओळींत पायदळाची लढाई बऱ्यापैकी मावते. मला तरी दहा पानी तक्त्यांपेक्षा ती जास्त खरी वाटते.

शब्द मात्र सांभाळा. ‘पिन’चा अर्थ प्रत्येक पुस्तकात निराळा. क्रॉसफायरमधला पिन झालेला स्टँड हलत नाही पण मारा करतो. सप्रेस झालेला दोन्ही करत नाही. एका खेळातून दुसऱ्यात आलेला गडी इथे हटकून चुकतो आणि वर वाद घालतो. आम्ही आमच्या कागदावर सरळ ‘दबला’, ‘थिजला’, ‘फुटला’ लिहितो. वाद कमी झाले.

पाळी कशी फिरते ते न बघणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच, आणि दुकानात उभं राहून पान चाळताना ती ध्यानातच येत नाही. आधी माझं सगळं सैन्य, मग तुझं सगळं सैन्य, ही जुनी रीत मोठ्या लढायांना चालून जाते. प्लाटूनच्या खेळात ती जीव घेते. तुमचे तीनही सेक्शन उघड्यावरून धावत येईपर्यंत माझी मशीनगन ‘पाळी नाही’ म्हणून गप्प.

बोल्ट अ‍ॅक्शनचं उत्तर पिशवी. दोन्ही बाजूंचे आदेशाचे फासे एका पिशवीत, ज्याचा रंग निघेल त्याने एक तुकडी हलवायची. सोपं, चुरशीचं, आणि अनोळखी माणसाबरोबरही पाच मिनिटांत समजावता येतं. खोट इतकीच की जास्त तुकड्यांच्या बाजूचे फासे पिशवीत जास्त. म्हणून लोक लहान-लहान तुकड्या भरतात आणि प्लाटून म्हणजे भाजीची जुडी होते.

चेन ऑफ कमांडमध्ये साध्या प्लाटूनला पाच फासे. समजा पडले 1, 2, 3, 5, 6. एकावर एक टीम हलेल, दोनावर सेक्शन, तिनावर ज्युनिअर लीडर. पाचाने एक गुण साठतो, एकटा सहा वाया. चार पडला असता तर लेफ्टनंटसाहेब बोलले असते, पण आज त्यांचा आवाज पोचला नाही. दोन सहा पडले तर पुढची पाळीही तुमचीच. नवख्याला हे डोक्यावरून जातं. “माझा माणूस समोर उभा आहे आणि मला तो हलवता येत नाही?” हो, नाही येत. त्या खोऱ्यात त्या दिवशी कुठल्याच लेफ्टनंटला सगळे हलवता येत नव्हते. ही चीड तुम्हाला मजेची वाटत नसेल तर हा खेळ घेऊ नका. आमच्यातल्या एकाने दोन रविवारांतच तो सोडला आणि तो चुकीचा नव्हता.

क्रॉसफायरमध्ये तर फेऱ्याच नाहीत. तुमचं जमतंय तोवर तुम्ही हलत राहायचं, फसलं की डाव समोरच्याकडे. एका दमात अख्खं टेबल पार करता येतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला ही लबाडी वाटते.

टेबल मोकळं, दोष नियमांना

चार झाडं आणि एक घर मांडून “या नियमांत पायदळ टिकतच नाही” म्हणणाऱ्यांना माझं एकच सांगणं: आधी बांध घाला. ओढा, कुंपण, द्राक्षांच्या ओळी, पडकी भिंत. टेबलाच्या एका टोकावरून दुसरं टोक सरळ दिसत असेल तर ते पायदळाचं टेबलच नव्हे. क्रॉसफायर तर गच्च टेबलाशिवाय खेळूच नका. पण जागोजागी खोकी, पुस्तकं, हिरवी फडकी चालतात, त्यामुळे स्वस्तही तोच पडतो.

पॉइंटांचंही, म्हणजे पुस्तक प्रत्येक तुकडीला जी किंमत लावतं तिचंही, थोडक्यात. दोन्हीकडे सारखे पॉइंट ही क्लबात अनोळखी माणसांना खेळता यावं म्हणून केलेली सोय आहे. मशीनगनच्या तोंडासमोर एक सेक्शन, ही लढाई कधीच सारखी नव्हती. घरच्या खेळात बाजू बदलून दोनदा खेळा आणि कुणी जास्त टिकाव धरला ते बघा.

आवृत्ती तपासा. बोल्ट अ‍ॅक्शन 2012, 2016 आणि 2024 अशा तीन आवृत्त्यांत फिरतंय, आणि स्वस्तात मिळालेलं जुनं पुस्तक मित्राच्या नव्या पुस्तकाशी भांडतं.

बाहुल्या आधी, नियम नंतर

हा उलटा क्रम खिशाला सगळ्यात महाग पडतो. 28 मिमीच्या बाहुल्या मागवायच्या, त्यावर टपाल आणि कस्टम, मग तीन महिने रंगकाम, आणि मग कळायचं की आपल्याला खेळ कंपनीचा हवा होता. 1/72 च्या प्लॅस्टिकच्या एका डब्यात चाळीस-पन्नास माणसं येतात, प्लाटूनला तेवढी पुरतात. एकेक बाहुली सुटी बसवा. गट लागला तर खाली पत्र्याची पट्टी आणि लोहचुंबक. सुट्या बाहुल्या एकत्र करता येतात, चिकटवलेल्या सोडवताना पाय मोडतात.

त्याआधी कॅरम काढा. खरंच. सहा बाय चार फुटांचं टेबल म्हणजे 72 बाय 48 इंच. इंचाऐवजी सेंटिमीटर धरलं की 72 बाय 48 सेंटिमीटर, आणि कॅरमचा आतला चौकोन 74 सेंटिमीटरचा. जणू त्यासाठीच केलाय. पांढऱ्या सोंगट्या मराठा सेक्शन, काळ्या जर्मन, राणी म्हणजे लेफ्टनंट. सेक्शनमधली माणसं मोजायची असतील तर सोंगटीशेजारी चवळीचे दाणे, शॉकला तुरीची डाळ. पट्टी शाळेची. एका संध्याकाळी दोन नियमपुस्तकं अशी खेळून होतात, खर्च शून्य.

गेल्या महिन्यात चेन ऑफ कमांडवर घाडग्यांचाच प्रसंग असा मांडला. मशीनगनच्या पहिल्या दोन झोडप्यांत दहाच्या सेक्शनची सहा माणसं उरली आणि डाळीचे सात दाणे जमले, म्हणजे सेक्शन दबला. माझ्या नाईकाकडे दोन आदेश. दोन्ही वापरले, शॉक पाचावर आला, माणसं पुन्हा उठली. पुढच्या पाळीला पाच फाशांत एकही तीन पडला नाही. नाईक ओरडत असेल, ऐकायला कुणी नाही. समोर बसलेला मित्र हळूच म्हणाला, “आता तुझा नाईक एकटाच उठेल बघ.”

तो उठला नाही. मशीनगनने तिसरं झोडपलं, चवळीचे तीन दाणे मी उचलले. बोर्डावरची पावडर आधी पुसून घ्या मात्र. आमचा एक फासा घसरून थेट खिशात गेला आणि तो सहा धरायचा की पुन्हा टाकायचा, यावर वीस मिनिटं गेली.