पूतनामावशीचे प्रेम ओळखावे कसे

सार्वजनिक वादात ‘हे माझ्या सोयीचे नाही’ असे उघड म्हणणारा माणूस क्वचितच भेटतो. बहुतेकांच्या तोंडी गरीब, शेतकरी, ज्येष्ठ नागरिक किंवा पुढची पिढी यांचाच कळवळा असतो. तो खरा आहे की पूतनामावशीचा, हे बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ठरवू नये, कारण मुरलेला माणूस चेहरा सांभाळतो आणि प्रामाणिक माणूस पुष्कळदा उगाचच ओशाळलेला दिसतो. पडताळणीच्या काही रीती मात्र आहेत, आणि त्या समजून घ्यायला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या कापडगिरण्यांवरून झालेला वाद मला सर्वांत उपयोगी वाटतो. त्यात दोन्ही बाजूंचे गिरणीमालक मजुराच्याच नावाने बोलत होते.

कावसजी दावर यांची मुंबईतील पहिली कापडगिरणी १८५६ मध्ये चालू झाली. पुढच्या दोन दशकांत गिरण्या वाढल्या, जाड्याभरड्या सुताच्या आणि कापडाच्या बाजारात त्या इंग्लंडमधील लँकेशायर या कापडगिरण्यांच्या परगण्याला जाणवू लागल्या, आणि त्याच सुमारास लँकेशायरच्या कारखानदारांना मुंबईत राबणाऱ्या मुलांची काळजी वाटू लागून भारतात कारखाना कायदा करावा असा आग्रह त्यांनी धरला. मुंबईच्या मालकांचे उत्तरही तितकेच कनवाळू होते: तास कमी केले तर गरिबाची मजुरी बुडेल. १८७५ मध्ये गिरण्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या मुंबईच्या आयोगातील बहुसंख्य सदस्यांनी कायद्याची गरज नाही असेच मत दिले.

अशा वेळी पहिल्यांदा काळ पाहावा. मुले गिरणीत आधीपासून राबत होती. कळवळा बाजार हलल्यावर आला. मात्र एवढ्यावरून संशय घेता येतो, निकाल देता येत नाही, कारण माणसाला उशिरा जाग येऊ शकते. म्हणून तोच कळवळा स्वतःला तोशीस लागते तेथे टिकतो का, हे पुढे तपासावे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटेपर्यंत लँकेशायरच्या गिरण्या मुख्यतः गुलामांनी पिकवलेल्या कापसावर चालत होत्या, आणि १८८० च्या दशकातही तेथे दहा वर्षांची मुले अर्धा दिवस गिरणीत आणि अर्धा दिवस शाळेत काढत होती.

सर्वांत भरवशाची कसोटी मात्र वेगळी आहे: ज्याच्या नावाने रडणे चालले आहे त्याचे दुःख दूर होईल, पण बोलणाऱ्याचा लाभ होणार नाही, असा उपाय समोर ठेवावा आणि पुढे काय होते ते पाहावे. लँकेशायरच्या बाबतीत ही परीक्षा इतिहासानेच घेतली. विलायती कापडावरील आयात जकात उठवा, कारण तिच्यामुळे भारतातील गरिबाला कापड महाग पडते, असे तेथील व्यापारी सांगत होते, आणि १८८२ मध्ये ती जकात गेली. सरकारला पैसा हवा म्हणून १८९४ मध्ये ती परत आली, तेव्हा त्याच मंडळींनी मुंबईच्या मालावरही बरोबरीचा कर बसवण्याची मागणी केली आणि १८९६ मध्ये आयात कापडावर साडेतीन टक्के जकात व देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के उत्पादन कर असा हिशेब जुळवण्यात आला. या करानेही गरिबाचे कापड महागच होणार होते, पण आता त्या गरिबाचे नाव ती मंडळी काढीनात.

घरगुती उदाहरण द्यायचे तर आमच्या इमारतीत लिफ्ट बसवण्याचा ठराव आला, तेव्हा तळमजल्यावरच्या आम्ही काही जणांनी निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यांना वर्गणी झेपणार नाही, असे कळकळीने सांगितले. मग निवृत्तांची वर्गणी माफ करण्याची सूचना आली, आणि आमचा विरोध तसूभरही कमी झाला नाही.

येथे एक खबरदारी घ्यावी लागते. हेतू स्वार्थी निघाला म्हणून म्हणणे खोटे ठरत नाही. ‘हा लँकेशायरचा कावा आहे’ हे खरे असूनही त्या आरोळीआड मुंबईच्या मालकांना मुलांचे तास लपवता आले, आणि राष्ट्रीय वृत्तीची बहुतेक वृत्तपत्रे त्या आरोळीत सामील झाली. शिवाय हेतू बहुधा भेसळीचेच असतात. लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनी इंग्लंडमधील मजुरांसाठी आयुष्य वेचले होते, त्यामुळे वर सांगितलेली तोशिसीची कसोटी ते सहज उतरतात. तरीही भारतीय मजुरांविषयी बोलताना त्यांनी लँकेशायरच्या नुकसानीचाही मुद्दा मांडलाच. म्हणून हेतूचा आणि मुद्द्याचा निवाडा वेगवेगळा करावा.

शेवटी, ज्याच्यासाठी गळा काढला जातो तो स्वतः काय मागतो, हे शोधावे. १८८१ च्या पहिल्या कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली आणि सात ते बारा वयाच्या मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा घातली. प्रौढ मजुराच्या तासांविषयी त्यात काहीच नव्हते. १८८४ मध्ये कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी सुमारे ५,५०० मजुरांच्या सह्यांचा अर्ज तयार केला, त्यात रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार आणि अपघातात जायबंदी झालेल्यास भरपाई अशा मागण्या होत्या. पगाराच्या तारखेचा विषय त्या पहिल्या कायद्यात आलाच नव्हता. आठवड्याची सुट्टी मालकांनी १० जून १८९० रोजी मान्य केली.

प्रत्यक्ष सभेत ‘तुमचा यात स्वार्थ आहे’ असे म्हणू नये; वाद चिघळतो आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो. त्याऐवजी ‘तुम्ही सांगता ती अडचण अशा रीतीने दूर केली, तर तुमची संमती आहे ना?’ एवढेच शांतपणे विचारावे, आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवायला सांगावे. लिफ्टच्या सभेत सचिवांनी मला नेमके हेच विचारले. मी विचार करून सांगतो म्हणालो, आणि इतिवृत्तात माझ्या नावापुढे आजही तेवढेच लिहिलेले आहे.